कलीगच्या आईने मला तिला 'समजावायला' सांगितलंय, काय करू? (चीन, तीन पिढ्या आणि मध्ये मी)

वाटसरू_सई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

नोकरीमुळे (माझ्या! नवऱ्याच्या नाही, आधीच सांगते नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येतो) साडेतीन वर्षं चीनमध्ये सुझौला आहे, शांघायहून बुलेट ट्रेनने अर्धा तास. ऑफिसात माझ्या शेजारी बसते तिला इथे लीली म्हणू, खरं नाव नाही. वय ३४, एकुलती एक, पोस्ट माझ्या वरची, स्वतःचा फ्लॅट (हप्ते चालू), एक मांजर. लग्न झालेलं नाही. करायचंच नाही असंही नाही, "बघू" म्हणते.

ऑक्टोबरच्या सुट्टीत तिच्या घरी गेले होते, जिआंग्सूच्या उत्तरेला छोटंसं शहर आहे. घरात बाबा, आई ६२ वर्षांची आणि आजी (आईची आई) ८७ वर्षांची. आजीने माझा हात धरला तो जेवण होईपर्यंत सोडलाच नाही. आजीच्या आईचे पाय बांधलेले होते म्हणे (लहानपणी करकचून बांधून मुलींची पावलं छोटीच ठेवायची जुनी रीत), विहिरीपर्यंत चालवायचं नाही म्हणून आजी सहा-सात वर्षांची असल्यापासून पाणी भरायची. आजीचं स्वतःचं आयुष्य कम्यूनच्या (सगळ्या गावाच्या सामायिक) शेतात गेलं. दिवसाच्या कामाचे पॉइंट मिळायचे, पुरुषाला १० आणि बाईला ७ किंवा ८, काम तेच. आई सूतगिरणीत होती, नव्वदच्या शेवटी सरकारी कारखान्यांनी माणसं कमी केली त्यात तिची नोकरी गेली, मग पहाटे तीनला उठून वाफवलेले पाव करून शाळेसमोर विकले आणि त्यावर लीली इंजिनीअर झाली.

तर स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता आई मला हळूच म्हणाली, तुझं लग्न झालंय, तू शहाणी आहेस, तिला तू समजाव. मी आपलं हो हो म्हटलं. चूक झाली. आता नववर्ष जवळ आलंय आणि बाई मला वीचॅटवर एक दिवसाआड व्हॉइस मेसेज टाकते, प्रत्येक साठ सेकंदांचा कारण त्याहून लांब जातच नाही. माझं चिनी कामापुरतं, तिची बोली जड, निम्मं कळतं निम्मं नाही.

प्रश्न दोन. एक, मी काय करू. दोन, या तिघींत सगळ्यात मोकळी कोण? मला वाटलं होतं उत्तर सोपं आहे, तिथे दोन दिवस राहून आल्यावर वाटेनासं झालंय.

तिरकस_तात्या

साडेतीन वर्षांत वधूवर सूचक मंडळ! कमिशन युआनमध्ये घ्या, रुपया पडतोय.

कोकमसरबत

आधी त्या माउलींना म्यूट कर, बाकीचं मग.

शांघायला पीपल्स पार्कमध्ये दर शनिवार-रविवार लग्नाचा बाजार भरतो तो बघितलास का? मी २०१७ ला बघितला. आईबाप छत्र्या उघडून जमिनीवर ठेवतात आणि छत्रीवर मुलाचा नाहीतर मुलीचा कागद चिकटवलेला. जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे की नाही, हुकोऊ कुठलं (म्हणजे नोंदणी कुठल्या शहराची, मुलांची शाळा त्यावर ठरते). ज्यांचं लग्न ती पोरं त्या बागेत औषधालाही नाहीत!! बहुतेकांना माहीतही नसतं की आपली छत्री लागलीय. आईबापच आईबापांशी घासाघीस करत बसलेले. आपल्याकडे निदान कांदेपोहे तरी मिळतात.

प्रोबेबिलिटी_पाटील

थोडे आकडे टाकतो, मग भांडा.

२०१३ मध्ये चीनमध्ये जवळपास १ कोटी ३५ लाख लग्नं नोंदली गेली, २०२४ मध्ये ६१ लाख. म्हणजे अकरा वर्षांत निम्म्याहून खाली. लीलीताई एकट्या नाहीत, त्यांच्या मागे मोठी रांग आहे.

आता गंमत ऐका. २०१० च्या जनगणनेत जन्माला येणाऱ्या दर १०० मुलींमागे ११८ मुलगे. मुली कमी पडल्या, बरोबर? मग 'उरलेली' कोण ठरली? मुलगीच! 'शंग न्यू' म्हणजे उरलेल्या बायका, सत्तावीस-अठ्ठावीस ओलांडली की लागू. २००७ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने नव्या शब्दांच्या यादीत हा अधिकृतपणे घातला. गावाकडे बायको न मिळालेल्या बाप्यांना 'उघड्या फांद्या' म्हणतात. फांदीला पालवी फुटायची आशा तरी असते, ही आपली ताटात उरलेली भाजी. असो.

निशिगंधा_दे

सगळे आईवर तुटून पडलेत म्हणून लिहिते. ती १९६३ च्या आसपासची, म्हणजे ऐन तारुण्यात एक मूल धोरण. एकच मूल झालं, ती मुलगी. त्या काळात सासरी काय काय ऐकून घेतलं असेल याचा विचार करा. बऱ्याच प्रांतांत खेड्यातल्या जोडप्याला पहिली मुलगी झाली तर दुसरं मूल चालायचं, म्हणजे सरकारच्या हिशोबात मुलगी जवळजवळ अर्धं मूल. जिआंग्सूत मात्र ती सवलतही सरसकट नव्हती. त्या बाईने एकच पोर, ती पण पोरगी, तीनला उठून पाव विकून शिकवली. ती आता काळजी करते तर करू दे की.

कोकमसरबत

@निशिगंधा, काळजी करू दे ना, पण सईच्या फोनवर का?

आनंदी_गो

निशिगंधा यांच्या मुद्द्याला जोडून. एक मूल धोरणात पोटातल्या कितीतरी मुली गेल्या ते भयंकरच, पण ज्या शहरात जन्मल्या आणि एकुलत्या राहिल्या त्यांचं भलंही झालं हे तिथले लोकच सांगतात. वाटेकरी भाऊच नाही, त्यामुळे शिकवणी, कॉलेज, फ्लॅटचं डाऊन पेमेंट सगळं पोरीवर. धोरण केलं कशासाठी आणि निघालं काय.

आणि ज्यांना भाऊ हवा होता त्यांच्या घरच्या मुलींची नावं बघा. 'झाओदी' म्हणजे भावाला बोलाव. 'लायदी' म्हणजे भाऊ येऊ दे. 'पानदी' म्हणजे भावाची वाट बघ. आयुष्यभर हाक मारली की स्वतःचं नाहीच, न आलेल्या भावाचं नाव. हल्ली मोठेपणी बऱ्याच जणी बदलून घेतात.

हसायच्या आधी आपली 'नकुशी' आठवा. साताऱ्यात २०११ ला जिल्हा परिषदेने कार्यक्रम करून २८५ मुलींची नावं बदलली होती.

तिरकस_तात्या

यावर विनोद सुचत नाही. पुढे चला.

अण्णा_सोलापूर

चीनचा विषय निघाला आणि सोलापूरकर गप बसला असं होत नसतं. आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडं गेले, जपानशी युद्ध चालू होतं. १९४१ ला तिथल्याच नर्स क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. पोरगं झालं त्याचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले, वय फक्त ३२, पोर तीनेक महिन्यांचं. आपण सगळे कोटणीसांचं सांगतो (भैय्या चौकात स्मारक आहे, आलात तर बघा), पण त्या बाईचा विचार कोणी करतो का? युद्धाच्या धामधुमीत स्वतःच्या मर्जीनं परदेशी माणसाशी लग्न करणारी ती पोरगी, पुढं तो मुलगाही तरणाताठा गेला, तरी इकडच्या सासरच्या माणसांशी नातं तोडलं नाही, म्हातारपणापर्यंत भारतात येऊन भेटत राहिल्या. २०१२ ला वारल्या. लीलीच्या आजीच्याही आधीची पिढी बघा ही.

अवांतर झालं, माफी.

वाटसरू_सई

अण्णा, अजिबात अवांतर नाही. लीलीच्या आजीने मी भारतातली कळल्यावर पहिला शब्द उच्चारला तो 'ख दीहुआ', म्हणजे डॉ. कोटणीसच, त्यांचं चिनी नाव. मी सोलापूरची नाही हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

अण्णा_सोलापूर

आता तुम्ही सोलापूरच्या. चादर पाठवतो.

शेंडेफळ_शरयू

मूळ प्रश्न क्र. २ वर माझं मत: आजी. १९५० चा विवाह कायदा वाचा. ठरवून-लादून लग्न, बालविवाह, ठेवलेल्या बायका सगळं बंद, बाईला घटस्फोट मागता येतो, लग्नाचं वय १८ आणि २०. आपला हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यांची मुसंडी केवढी होती बघा. 'बायकांनी निम्मं आकाश पेललंय' ही माओची घोषणा सगळ्यांना माहितीय. त्या पिढीला आत्मविश्वास आला तो तिथून.

पिंपळपान_

@शरयू, सपशेल असहमत. कागदावर आकाश दिलं, पॉइंट मात्र ७! सईनेच वर लिहिलंय. शेतात निम्मं आकाश आणि घरी आल्यावर चूल, डुकरं, सासू, पोरं हे पूर्ण आकाश. १९५० च्या कायद्यानंतरही आजीचं लग्न ठरवूनच झालं असणार (सई, विचारून सांग). कम्यूनने बाईला घराबाहेर काढलं, घरातलं काम कोणी काढून घेतलं नाही.

आणि जुन्या वळणाचं खोटं काय बोला, 'तीन आज्ञा' होत्याच ना. माहेरी बापाचं ऐक, सासरी नवऱ्याचं, विधवा झालीस की मुलाचं. आपल्या मनूने तेच लिहून ठेवलंय, जणू दोघे एकाच क्लासला होते.

शेंडेफळ_शरयू

पण पिंपळपान, पाय बांधलेल्या आईपासून पॉइंट मिळवणारी मुलगी ही उडी केवढी! लीलीची उडी त्यामानाने लहान आहे एवढंच म्हणतेय.

सिंगापूरची_मामी

सगळेजण १९४९ नंतरचंच बोलताय, त्याआधी पण बायका काही मुकाट बसलेल्या नव्हत्या हो. ग्वांगडोंगमध्ये शुंडं भागात रेशमाचा धंदा जोरात होता, पोरींच्या हातात स्वतःचे पैसे यायला लागले आणि त्यातल्या कित्येक जणींनी लग्नच नाकारलं. 'त्झशूनू' म्हणतात, म्हणजे स्वतःचे केस स्वतः बांधणारी. एरवी लग्नाच्या वेळी दुसरी बाई वधूची वेणी सोडून अंबाडा घालून देते, या मैत्रिणींसमोर आणि देवासमोर स्वतःच घालायच्या आणि शपथ घ्यायच्या, जन्मभर लग्न नाही. एकदा अंबाडा घातला की माघार नाही, शिक्षा कडक.

पण यात मेख बघा. लग्न न झालेल्या मुलीला बापाच्या घरात मरायची परवानगी नव्हती! अपशकुन. म्हणून या बायका वर्गणी काढून म्हातारपणासाठी एकत्र घर बांधायच्या. रेशीम बसल्यावर पुष्कळ जणी इकडे सिंगापूर-हाँगकाँगला घरकामाला आल्या, पांढरा सदरा, काळी विजार, पाठीवर लांब वेणी. इथल्यांनी पैसे पाठवून शुंडंमध्ये १९५० ला बिंगयू-थांग नावाची वास्तू बांधली, म्हातारपणी परत जायला. आमच्या ब्लॉकमधल्या एका आजोबांना अशाच एका बाईने वाढवलं, तिचा फोटो ते अजून देवाशेजारी लावतात. ती दर महिन्याचा पगार भावाच्या पोरांना पाठवायची म्हणे, जन्मभर. लग्न नाकारलं, घर काही नाकारता आलं नाही.

निशिगंधा_दे

मामी _/\_ शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं.

ओवी_गाते

हुनानमध्ये च्यांगयोंग भागात तर बायकांनी स्वतःची लिपीच काढली होती, 'न्यूशू'. पुरुषांना वाचता यायची नाही (त्यांनी वाचायची तसदीही घेतली नाही हे जास्त खरं). मैत्रिणीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी सासरी कापडी बांधणीचं पुस्तक पाठवायचं, त्यात ताटातुटीची गाणी आणि पुढची पानं कोरी, तिने तिचं लिहायला. पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्यांतल्या शेवटच्या आजी २००४ मध्ये वारल्या. मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. आपल्या बायांनी दळता दळता सांगितलं, त्यांनी लिहून सांगितलं. म्हणणं तेच, आई दूर आहे आणि सासू जवळ आहे.

बे_एरियाची_बाळी

मी चीनला गेलेले नाही पण माझा अनुभव कामाचा आहे. इथे अमेरिकेत आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सकाळी दहाला बाळगाड्या घेऊन आज्यांचा मेळा जमतो, निम्म्या चिनी, निम्म्या देशी. माझी आई आणि शेजारच्या चिनी मैत्रिणीची आई एका बाकावर. भाषा शून्य. सहा महिने रोज गप्पा. काय बोलता विचारलं तर आई म्हणते "तिचे पण गुडघे."

माझ्या बाळंतपणात कळलं की त्यांचं 'झुओ युएझ' (बाळंतिणीचा महिना) आणि आपला सव्वा महिना म्हणजे जुळ्या बहिणी. थंड पाण्याला हात नाही, वाऱ्यात जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही (त्यांच्याकडे जुन्या बायका महिनाभर केस धुवू देत नाहीत), आलं, लाल खजूर, गूळ. फक्त दूध यायला आपल्याकडे अळिवाची खीर आणि त्यांच्याकडे डुकराच्या पायांचं सूप. दोघी आयांनी एकमेकींचे डबे बघितले, हसल्या, आणि आपापले परत घेतले.

मुद्दा असा की माझी ती मैत्रीण, मोठ्या कंपनीत, आमच्या ग्रुपमधली सगळ्यात 'इंडिपेंडंट' बाई. तिची आई आली की इंडिपेंडंट, व्हिसा संपून गेली की रडकुंडीला. मी पण तशीच. आम्हा दोघींचं स्वातंत्र्य बी-२ व्हिसावर येतं आणि सहा महिन्यांनी परत जातं.

पिंपळपान_

हेच!! मला वर हेच म्हणायचं होतं पण तुमच्यासारखं जमलं नाही. शांघाय-बीजिंगच्या बायका भराभर वर गेल्या त्या आज्यांच्या जिवावर. पाळणाघरं आधी गिरण्यांचीच असायची, गिरण्या गेल्या तशी तीही गेली. कामगार बायकांना पन्नाशीला रिटायर करायचं (२०२५ पासून हळूहळू वाढवताहेत) म्हणजे आजी पन्नासाव्या वर्षी फुकट उपलब्ध. तिघींत मोकळी कोण हे विचारताना जी मोकळी दिसते तिच्या घरचा कुकर कोण लावतंय ते बघा.

तिरकस_तात्या

आमच्या घरी कुकर मी लावतो. नोंद व्हावी.

कोकमसरबत

तात्या, शिट्ट्या पण मोजता की फक्त लावता?

वकीलसाहेबा

कायद्याचं थोडं. लीलीने फ्लॅट लग्नाआधी स्वतःच्या नावावर घेतला हे फार शहाणपणाचं केलं. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की लग्नाआधी डाऊन पेमेंट भरून स्वतःच्या नावावर घेतलेलं घर घटस्फोटात साधारणपणे त्याच माणसाकडे राहील, दुसऱ्याला लग्नानंतरच्या हप्त्यांतला वाटा. घर मुलाकडच्यांनी घ्यायचं ही रीत असल्याने कित्येक बायकांचे हप्त्यात पैसे, सातबाऱ्यावर नाव नाही अशी गत झाली. त्यानंतर पोरी स्वतःची घरं घ्यायला लागल्या त्यात नवल नाही.

उलट बाजू: लग्न न करता डॉक्टरांच्या मदतीने मूल हवं तर दार बंद. बीजिंगच्या एका अविवाहित बाईला हॉस्पिटलने २०१८ मध्ये स्त्रीबीज गोठवायला नकार दिला, ती कोर्टात गेली, २०२४ ला अपीलही हरली. एकीकडे तीन मुलांना परवानगी (२०२१ पासून), एकीकडे एकटीला ही मदतही नाही.

आनंदी_गो

सुझौच्याच बाजूला 'ल्यांगथोउ हुन' वाढलंय ना हल्ली? दोन टोकांचं लग्न. दोघेही एकुलते एक, मग ना ती सासरी जात ना तो घरजावई, दोन्ही घरी दोघांची खोली, हुंडा नाही की मुलीकडच्यांना द्यायचं 'छायली' नाही, आणि दोन मुलं झाली तर एक बापाच्या आडनावाचं एक आईच्या. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीतच, पण मुलांना आईचं आडनाव ही मोठी गोष्ट आहे. सई, हा पर्याय सुचव त्या आईला.

प्रोबेबिलिटी_पाटील

आणि एकच मूल झालं तर टॉस?

वाटसरू_सई

हो, ऑफिसात दोघांचं तसं लग्न झालंय. एकच मूल झालं आणि चारही आजी-आजोबा आता एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे पाटील, टॉस बरा.

पिंपळपान, विचारलं. आजीचं लग्न ठरवूनच, पण कायद्याप्रमाणे ऑफिसात जाऊन 'मर्जीने करतेय' असा अंगठा द्यावा लागला. आजी म्हणाली, तेव्हाच नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं.

बाकी दोन आठवडे गायब होते कारण सुट्ट्या. अपडेट मोठा आहे, रात्री लिहिते.

तिरकस_तात्या

सतरंजी अंथरून बसलोय.

वाटसरू_सई

तर. मी लीलीला काहीही समजावलं नाही. तिला सरळ आईचे मेसेज ऐकवले. (चुगली म्हणा.) मला वाटलं ती चिडेल. तिने सगळे शांतपणे ऐकले, मग एक पुन्हा लावला, मग परत. मला न कळलेली बोली तिने सांगितली.

पहिली पाच वाक्यं तीच, वय वाढतंय, शेजारची पोरगी, वगैरे. पुढे आई म्हणत होती की तिला मूल झालं की मी सुझौला येऊन राहीन. इथे सकाळपासून रात्रीपर्यंत याचं जेवण (नवरा), आईचं जेवण, भांडी. सुझौला बागेत बायका नाचतात म्हणे संध्याकाळी. नातवाला सांभाळायला गेलं तर कोणी काही बोलत नाही.

लीली मला म्हणाली, गेली आठ वर्षं मी समजत होते की तिला नातू हवाय.

मग नववर्षाला घरी गेल्यावर तिने आईला म्हटलं तू तशीच ये, मूलबिल नको, माझी खोली रिकामी आहे. आई म्हणाली लोक विचारतील कशासाठी चाललीस, काय सांगू? यावर माझ्या मैत्रिणीने जे केलं त्याला तोड नाही. दुसऱ्या दिवशी सगळे नातेवाईक जमले (त्यांच्यात त्या दिवशी माहेरवाशिणी माहेरी येतात, आजी यांच्याकडेच असल्यामुळे सगळं माहेरच इथे आलं), तेव्हा तिने सगळ्यांदेखत जाहीर केलं की कंपनी मला जर्मनीला पाठवतेय, मांजराला कोणी बघायला नाही, आईला न्यावं लागेल. जर्मनी खरं आहे पण फक्त नऊ दिवसांचं. आईला येऊन आज अठरावा दिवस. मांजर लठ्ठ झालंय. काल संध्याकाळी मी खाली गेले तर बागेत तिसऱ्या रांगेत काकू, हातात लाल पंखा, एक पाऊल सगळ्यांच्या मागे.

मला मेसेज येणं बंद झालंय. थोडं चुकल्यासारखं होतंय.

ओवी_गाते

अगं बाई! मांजर!!

बे_एरियाची_बाळी

आईला फोन लावला आत्ता. तिला काय हवंय हे मी पण कधी विचारलं नाहीये.

निशिगंधा_दे

सई, मी तुझ्या त्या काकूंची वकिली करत होते पण मलाही त्यांच्या मनातलं हेच असेल असं वाटलं नव्हतं. नवरा काय म्हणाला?

वाटसरू_सई

पहिल्या दिवशी वॉशिंग मशीन कसं लावायचं विचारायला फोन. चौथ्या दिवशी परत फोन, ते लावल्यावर दार उघडत नाही म्हणून.

पिंपळपान_

सगळं छान पण आजी? ८७ वर्षांच्या आजीला कोण बघतंय?

वाटसरू_सई

मामा घेऊन गेला. घर आणि जमीन मामालाच मिळालीय, आजी इतकी वर्षं लेकीकडे होती. त्यांच्यात म्हण आहे, लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी. त्या सांडलेल्या पाण्यानेच अकरा वर्षं आजीचं केलं.

पिंपळपान_

मामा घेऊन गेला म्हणजे मामी बघतेय.

वाटसरू_सई

हो. मामी.

तिरकस_तात्या

मामीचा वेगळा धागा काढा. आणि तिला वीचॅट देऊ नका.